दर दोन मिनिटांना एक दगड? पिरॅमिडच्या हिशोबाबद्दल सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. पहिली अशी की, इजिप्तमध्ये गिझा इथल्या खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये सुमारे २३ लाख दगड आहेत आणि तो २० वर्षांत बांधला, म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड बसला. तांब्याच्या हत्यारांनी हे शक्य आहे का? दुसरी, हे काम गुलामांना चाबकाने मारून करून घेतले का? तिसरी, आत एकाही राजाची ममी सापडली नाही असे तुम्ही एका व्हिडिओत ऐकलेत. मग ही थडगी कशावरून? शिवाय डिसेंबरात घरच्यांना घेऊन तुम्ही इजिप्तला निघाला आहात, तर नेमके काय बघावे हेही विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. मंदिरे, घाट, किल्ल्यांचे बुरूज अशा जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती हे माझे रोजचे काम. प्राचीन इजिप्तची लिपी मला वाचता येत नाही, तिथे मी त्या विषयातल्या अभ्यासकांवर विसंबतो. दगड कसा निघतो, कसा सरकतो, कसा बसतो आणि कुठे फुटतो, याबद्दल मात्र पाथरवटांबरोबर काम करून जे कळले त्यावरून लिहितो. साकारा, दहशूर आणि गिझा ही इजिप्तमधली पिरॅमिडांची ठिकाणे मी याच नजरेने पाहिली आहेत.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी गाठ वेगळ्या ठिकाणी आहे. सगळे जण 'उचलला कसा' इथे अडतात. दगडी कामाच्या कुठल्याही साइटवर उचलण्यामुळे काम फार क्वचित थांबते. काम थांबते ते हवा तो दगड हव्या त्या वेळी गवंड्यापुढे नसतो म्हणून. टाक्यांची धार गेलेली असते, पाणी संपलेले असते, पुढच्या थराचे माप कोणी घेतलेले नसते म्हणून. खुफूच्या माणसांनी हेच सगळे वीस-पंचवीस वर्षे न अडखळता चालवले, आणि त्यांचे खरे कौतुक मला तिथे वाटते.

आता तुमचा हिशोब घेऊ. तो चुकीचा नाही. २३ लाख दगड, २० वर्षे, वर्षाचे ३६५ दिवस धरले तर रोज सुमारे ३१५ दगड होतात, आणि दहा तासांचा दिवस धरला तर तासाला ३१. (२३ लाख हा अंदाज आहे, कारण आतला गाभा कोणी मोजलेला नाही. शिवाय मधोमध मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवून त्याभोवती बांधकाम केले आहे, तेवढा दगड वाचला.) ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र एकच रांग आणि एकच दगड येतो, आणि तिथे गफलत होते. पायथ्याची बाजू २३० मीटर आहे, म्हणजे एका थराचे क्षेत्रफळ सुमारे तेरा एकर. एवढ्या पटांगणावर वीस टोळ्या एकमेकींच्या पायात न येता सहज काम करतात. मग प्रत्येक टोळीच्या वाट्याला एक दगड बसवायला साधारण चाळीस मिनिटे येतात. अडीच टनांचा, जेमतेम घडवलेला गाभ्याचा दगड चाळीस मिनिटांत बसवणे हे कसलेल्या टोळीचे नेहमीचे काम आहे.

वर गेल्यावर जागा कमी होते, हे खरे. पण तिथे दगडही कमी लागतो, आणि तो किती झपाट्याने कमी होतो हे सहसा कोणी सांगत नाही. मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर. त्यातले पहिले ३० मीटर झाले की निम्मे पिरॅमिड बांधून झालेले असते. ५० मीटरला सत्तर टक्क्यांहून जास्त काम संपते. १०० मीटरच्या वर उरतो तो एकूण दगडाच्या जेमतेम तीन टक्के. म्हणजे 'इतक्या उंचावर लाखो दगड' हे चित्रच चुकीचे आहे. लाखो दगड लागले ते खाली, जिथे चढही थोडा आणि वाटही रुंद.

याच हिशोबातून उताराचा, म्हणजे रॅम्पचा, वाद बराचसा सुटतो. दहास एक असा चढ धरला तर ५० मीटर उंची गाठायला ५०० मीटर लांबीची वाट लागते. गाभ्याच्या दगडाची खाण पिरॅमिडच्या दक्षिणेला अगदी हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे खाणीपासून निघून चढत येणारी अशी वाट तिथल्या जमिनीला शोभते. तीच वाट सरळ टोकापर्यंत न्यायची म्हटली तर ती जवळजवळ दीड किलोमीटर लांब होईल आणि तिचा भरावच पिरॅमिडशी स्पर्धा करेल. म्हणून वरच्या भागासाठी पिरॅमिडच्या अंगाअंगाने वळत जाणारी वाट, नागमोडी वाट, पहारींनी पायरीपायरीने चढवणे, असे वेगवेगळे पर्याय अभ्यासक मांडतात. काम संपल्यावर भराव काढून टाकला, त्यामुळे शेवटच्या टप्प्याबद्दल मतभेद राहिले. माझा कल असा की खाली एक मोठी वाट आणि वर परिस्थितीप्रमाणे दोन-तीन रीती एकत्र वापरल्या असणार. कुठल्याही मोठ्या साइटवर असेच होते; पायापासून कळसापर्यंत एकच युक्ती कोणी वापरत नाही.

ओढण्याची रीत मात्र चित्रांत आणि जमिनीवर दोन्हीकडे दिसते. देर अल-बर्शा इथल्या जेहुतिहोतेपच्या थडग्यात (हे पिरॅमिडच्या काळानंतर साधारण सहाशे-सातशे वर्षांनी झाले) एक भलामोठा पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधून ओढून नेताना दाखवला आहे. दोर ओढणारी माणसे आहेत १७२, आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण समोरच्या वाटेवर पाणी ओतत आहे. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की वाळूत नेमके पुरेसे पाणी असेल तर ओढायला लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. जास्त पाणी झाले तर पुन्हा रुतते. ज्याने ओल्या मुरमावरून दगड ओढला आहे त्याला हे पटवावे लागत नाही. क्रेन जिथे पोहोचत नाही अशा गडांवर आम्ही आजही दोन टनांचा दगड तेल लावलेल्या फळ्यांवरून, दोर आणि पहारी घेऊन, पंधरा-वीस माणसांनी सरकवतो. जोर ओढताना लागतो, पण वेळ खातो तो शेवटचे चार बोट सरकवून दगड जागेवर आणताना.

त्या शेवटच्या चार बोटांसाठी इजिप्शियन गवंड्यांनी जिप्समचा पातळ गारा वापरला. तो दगड चिकटवण्यापेक्षा सरकवायला जास्त कामी येतो: ओल्या गाऱ्यावर जड दगड अलगद घसरतो आणि बसला की उरलेल्या फटी भरून निघतात. बाहेरच्या घडीव दगडांचे सांधे पाहिलेत तर थक्क व्हाल. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८८०-८२ मध्ये खुफूच्या पिरॅमिडची काटेकोर मोजणी केली, तेव्हा उत्तर बाजूला पायथ्याशी शिल्लक असलेल्या आच्छादनाच्या दगडांमधला सांधा त्यांना सरासरी अर्ध्या मिलिमीटरचा आढळला, आणि त्यातही गारा भरलेला होता. मात्र हे काम फक्त बाहेरच्या कातडीचे. आतला गाभा बघितलात तर दगड वेडेवाकडे आहेत, मधल्या फटीत हात जाईल अशा जागा आहेत, त्यात चिपा आणि गारा कोंबला आहे. 'प्रत्येक दगड सुईच्या अग्राइतका अचूक' हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांनी गाभा पाहिलेला नाही. आणि यात कमीपणा काही नाही. कुठे जीव ओतायचा आणि कुठे निभावून न्यायचे, हे कळणे हीच चांगल्या गवंड्याची खूण.

तांब्याच्या हत्यारांबद्दल थोडक्यात. गिझाचा चुनखडक ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, तो तांब्याच्या छिन्नीने आणि लाकडी मोगरीने कापता येतो. फक्त छिन्नी वारंवार बोथट होते, म्हणून धार लावणाऱ्यांची फौज लागते. ग्रॅनाइटला तांबे लागत नाही. तिथे डोलेराइट या अतिशय कठीण दगडाचे गोळे दोन्ही हातांत धरून खडक ठेचत ठेचत झिजवायचा, आणि जिथे कापायचा तिथे तांब्याची पाती नुसती वाळू फिरवतात. कापते ती वाळूतली गारगोटी. दक्षिण इजिप्तमध्ये अस्वानला एक अर्धवट राहिलेला ओबेलिस्क (एकाच दगडाचा उंच, निमुळता स्तंभ) खाणीतच पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब. त्याच्या अंगावर आणि भोवतालच्या चरात ठेचण्याच्या खळग्यांची ओळच्या ओळ दिसते. तो पिरॅमिडनंतर हजार वर्षांचा आहे, पण रीत तीच. वेळखाऊ, कंटाळवाणी, आणि खात्रीने चालणारी.

आता ज्या भागावर मला जास्त लिहायचे आहे तिकडे येतो. खुफूचा पिरॅमिड आकाशातून पडल्यासारखा एकाएकी उभा राहिलेला नाही. त्याच्या आधीच्या शंभरेक वर्षांचे काम आजही जागेवर आहे, चुकांसकट.

सुरुवात साकाराला, जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपासून, इ.स.पू. २६५०च्या आसपास. त्याचा कर्ता म्हणून इम्होतेपचे नाव घेतात. आधी सपाट डोक्याचे चौकोनी थडगे बांधले, मग ते वाढवत वाढवत सहा पायऱ्यांपर्यंत नेले, सुमारे ६२ मीटर उंच. तिथला दगड लहान आहे, जणू कच्च्या विटेची सवय असलेल्या हातांनी दगड धरलेला. थर आतल्या बाजूला कललेले आहेत. उंच भिंत आत झुकवली की ती पडणार नाही असे कोणालाही वाटते, आणि कमी उंचीवर ते खरेही असते.

पुढे स्नेफेरू आला, खुफूचा बाप. याच्या काळात मेदूमचा पायऱ्यांचा पिरॅमिड भरून गुळगुळीत उताराचा करायचा प्रयत्न झाला. बाहेरचा तो थर खडकावर न टेकता वाळूवर टेकवला होता. आज तो ढासळलेला आहे आणि मधला गाभा बुरुजासारखा उघडा उभा आहे. मग दहशूरला वाकडा पिरॅमिड. खाली उतार सुमारे ५४ अंश, आणि निम्म्याच्या आसपास एकदम बदलून ४३ अंश. का बदलला हे आत गेल्यावर समजते: जमीन भुसभुशीत, वजनाने कोठ्यांना तडे गेले, गिलावा करून ते बुजवले, एका खोलीत तर देवदारच्या तुळया आडव्या घातल्या. आणि सगळ्यात बोलका फरक थरांत आहे. खालच्या भागाचे थर जोसेरच्या काळासारखे आत कललेले, वरच्या भागाचे सपाट. म्हणजे काम चालू असतानाच कोणीतरी ओळखले की आत कललेला थर वजन मध्यावर ढकलतो आणि आतल्या पोकळीचा गळा आवळतो. त्यानंतर लगेच दहशूरलाच बांधलेला लाल पिरॅमिड पहिल्या थरापासून सपाट आणि पहिल्यापासून ४३ अंशांचा. तो आजही ठाकठीक आहे.

माझ्या धंद्यात एखादी भिंत का फुगली हे शोधताना आम्ही थरांचा कल बघतो, तडा कुठून निघाला आणि कुठे थांबला ते बघतो, त्यावरून बांधणाऱ्याच्या डोक्यात काय चालले होते ते कळते. दहशूरला मला तोच अनुभव आला, फक्त साडेचार हजार वर्षे जुन्या माणसाच्या डोक्याचा. स्नेफेरूने एकूण जितका दगड रचला तो खुफूच्या पिरॅमिडपेक्षा जास्त भरतो. म्हणजे खुफू गादीवर आला तेव्हा त्याच्या हाताशी दोन पिढ्यांची तयार माणसे होती: खाणवाले, गवंडी, नावाडी, मुकादम, कारकून. खुफूच्या कामाचा प्रमुख हेमिउनू, त्याचा पुतण्या. त्याचा बसलेला धष्टपुष्ट पुतळा जर्मनीत हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात आहे.

चुका सुधारणे गिझालाही संपले नाही. खुफूच्या पिरॅमिडमध्ये जिथे शवपेटी आहे त्या राजाच्या कोठीचे छत अस्वानहून, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरवरून आणलेल्या ग्रॅनाइटच्या प्रचंड तुळयांचे आहे. त्यावर एकावर एक पाच पोकळ कप्पे आणि सगळ्यांत वर चुनखडकाच्या दोन दोन शिळा टेकवून केलेले छप्पर. छतावरचे वजन बाजूला वळवायची ही योजना. तरीही कोठीच्या तुळयांना दक्षिणेकडे तडे गेलेले आहेत. ही त्यांची सपाट छताची सगळ्यांत मोठी दगडी कोठी होती, तिला तोलायचा आधीचा नमुना नव्हता, म्हणून जिथे एक छप्पर पुरले असते तिथे त्यांनी पाच कप्पे जास्तीचे घातले. आमच्याकडेही हिशोबावर भरवसा नसला की लोखंड जास्त घालतात.

उताराच्या मापात 'पाय' (π, म्हणजे वर्तुळाचा घेर भागिले व्यास, सुमारे बावीस सप्तमांश) लपवल्याचे रहस्यही लोक सांगतात. ते असे. इजिप्तचा हात, सुमारे ५२.४ सेंटिमीटर, सात मुठींचा. उतार सांगायची त्यांची रीत म्हणजे एक हात वर गेलो तर आत किती मुठी सरकायचे. खुफूच्या पिरॅमिडला साडेपाच मुठी. पायथा ४४० हात, उंची २८०. यातून उतार ५१ अंश ५० मिनिटांच्या आसपास येतो, आणि घेर भागिले उंची केली तर दोन गुणिले बावीस सप्तमांश बरोबर येतात. सात आणि साडेपाच हे आकडे घेतले की हे आपोआप येते. पाथरवटाला हातातल्या गुण्यावर खूण करून लक्षात ठेवायला सोपे माप हवे होते.

पुरवठ्याचा पुरावा २०१३ साली हाती आला आणि माझ्या दृष्टीने पिरॅमिडबद्दलचा गेल्या शंभर वर्षांतला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच अभ्यासक पिएर ताले यांच्या पथकाला खुफूच्या काळातल्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या) गुंडाळ्यांचे तुकडे मिळाले; लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे माहीत नाही. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी. काम काय, तर नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा शुभ्र चुनखडक होडीत भरायचा, गिझाला पोहोचवायचा, परत जायचे. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. आज तुऱ्याला, आज दगड भरला, आज रात्री इथे मुक्काम, उद्या गिझा, अशा नोंदी. गिझाच्या बंदराचा कारभार आंखहाफकडे, हा खुफूचा सावत्र भाऊ; त्याचा अर्धपुतळा बोस्टनला आहे आणि चेहरा इतका जिवंत आहे की ओळखीचा वाटतो.

मी साइटवरची हजेरीवही आणि चलनबुक रोज पाहतो. मेरेरची रोजनिशी त्याच जातीची आहे. तिच्यात चमत्कार नाही, मंत्र नाही. तारीख, माल, फेरी आणि शिधा आहे. हीच टोळी नंतर तांबड्या समुद्रावर गेली, पलीकडे सिनाईत तांब्याच्या खाणी होत्या. छिन्नी तिथून यायची.

पाण्याची वाटही तितकीच महत्त्वाची. आज नाईल गिझापासून कित्येक किलोमीटर दूर आहे. त्या काळी तिचा एक फाटा पिरॅमिडांच्या रांगेच्या पायथ्याजवळून वाहत होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बुजलेल्या, सुमारे ६४ किलोमीटर लांबीच्या फाट्याचा माग काढला आहे. पुराच्या महिन्यांत पाणी चढले की होडी थेट कामाच्या उंबरठ्यावर लागे.

आता माणसे. एक लाख मजूर हा आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा, आणि तो इजिप्तला गेला तेव्हा पिरॅमिड दोन हजार वर्षांचे जुने झाले होते. आजचे बहुतेक अभ्यासक एका वेळी दहा ते पंचवीस हजार माणसे धरतात. गिझाच्या दक्षिणेला अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी अनेक वर्षे खणून काढलेल्या वस्तीत लांबलचक सामायिक निवारे, पाव भाजायच्या भट्ट्या, कोठारे आणि गुरे-शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग मिळाले. (ती वस्ती मुख्यतः खुफूच्या नंतरच्या दोन पिरॅमिडांच्या काळातली आहे.) वरच्या उतारावर १९९० साली कामगारांची आणि मुकादमांची थडगी सापडली. त्यांच्या सांगाड्यांत पाठीचे मणके झिजलेले, हातपाय मोडून नीट जुळून आलेले दिसतात. मोडलेले हाड सरळ जुळते तेव्हा कोणीतरी ते बांधलेले असते आणि त्या माणसाला काही आठवडे बसवून खाऊ घातलेले असते.

राजाच्या कोठीवरच्या कप्प्यांत टोळ्यांची नावे लाल रंगात लिहिलेली आहेत, 'खुफूचे मित्र' या धर्तीची. काही अक्षरे सांध्याच्या आत गेलेली आहेत, म्हणजे दगड बसायच्या आधी खाणीत लिहिलेली. जुनी भिंत उतरवताना आम्हीही प्रत्येक दगडावर रंगाने क्रमांक टाकतो, म्हणून ती लाल अक्षरे मला फार जवळची वाटली.

मग गुलामी की मजुरी? दोन्ही शब्द पुरते बसत नाहीत. बाजारात विकत घेतलेले गुलाम नव्हते. गावोगावहून ठरावीक पाळीने बोलावलेली माणसे होती आणि बोलावणे राजाचे असल्याने 'नाही' म्हणायची सोय नव्हती. त्यांच्याबरोबर वर्षभर राहणारे कसबी लोक होते. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांशी याची तुलना करतात. पुराच्या महिन्यांत शेती पाण्याखाली आणि हात रिकामे, एवढ्यापुरती ती पटते. पण तिथे काम काढले होते राजासाठी, लोकांची चूल पेटावी म्हणून नव्हे. पोटभर भाकरी, बिअर, मांस मिळत होते आणि मणकेही झिजत होते. दोन्ही खरे आहे, आणि एकासाठी दुसरे झाकू नये.

इथपर्यंतचे एका दमात: दगड बहुतांश जवळचा, काम बहुतांश खालच्या पन्नास मीटरमध्ये, टोळ्या अनेक, चुका आधीच्या पिरॅमिडांवर करून झालेल्या, आणि अन्न-होड्या-तांबे यांची साखळी पक्की. आता उद्देश.

'एकही ममी सापडली नाही' हे वाक्य खरे नाही. अबुसीरला नेफेरेफ्रे राजाच्या अपूर्ण पिरॅमिडमध्ये त्याच्या ममीचे अवशेष चेक पथकाला मिळाले. साकाराला जेदकारे इसेसीच्या पिरॅमिडमध्येही राजाचे अवशेष मिळाले. बाकीचे प्राचीन काळीच लुटले गेले. गिझाच्या तिसऱ्या पिरॅमिडमधली, मेंकौरेची, सुंदर दगडी शवपेटी इंग्लंडला नेताना १८३८ साली जहाजासकट समुद्रात बुडाली. खुफूची ग्रॅनाइटची शवपेटी मात्र अजून कोठीत आहे. ती आत येणाऱ्या चढत्या वाटेपेक्षा किंचित रुंद आहे, म्हणजे बांधकाम चालू असतानाच वरून आत ठेवलेली. कोठीच्या तोंडाशी ग्रॅनाइटच्या शिळा खाली सोडून वाट बंद करायची सोय आहे. धान्याचे कोठार किंवा वीजघर बांधणारा शवपेटी ठेवून वाट कायमची बुजवत नाही.

पण थडगे म्हटले की आपण एका खोलीचा विचार करतो, तिथे अपुरेपणा राहतो. पिरॅमिड एकटा कधीच नसे. पाण्याकाठी एक मंदिर, तिथून वर येणारा लांब बंदिस्त रस्ता, पिरॅमिडला लागून दुसरे मंदिर, राण्यांचे छोटे पिरॅमिड, खड्ड्यांत पुरलेल्या होड्या. खुफूची अशी एक देवदारची होडी १९५४ साली सुट्या भागांत सापडली, जोडल्यावर ४३ मीटरची भरली. राजा गेल्यावरही त्या मंदिरात रोज नैवेद्य, पुजाऱ्यांच्या पाळ्या, भांड्यांची मोजदाद चाले. अबुसीरच्या पपायरसांत पाळ्यांचे तक्तेच आहेत. त्यासाठी जमिनी लावून दिलेल्या असत. राजा नीट मार्गी लागला, सूर्य आणि ताऱ्यांमध्ये गेला, की पूर येणार, पीक येणार, ही त्यांची श्रद्धा होती. ती शब्दांत वाचायची तर साकाराचा उनासचा पिरॅमिड, इ.स.पू. २३५०च्या सुमाराचा. त्याच्या कोठीच्या भिंती वरपासून खालपर्यंत राजाच्या पुढच्या प्रवासाच्या मंत्रांनी कोरलेल्या आहेत. खुफूच्या भिंती कोऱ्या आहेत, म्हणून लोक तिथे हवे ते वाचतात.

आता तुमच्या सहलीबद्दल. गिझा पहिल्या दिवशी ठेवू नका. आधी एक गाडी करून साकारा आणि दहशूर एका दिवसात करा, मग गिझा; काळाचा क्रम सांभाळला की मुलांनाही चुका आणि सुधारणा आपोआप दिसतील. साकाराला उनासच्या आत जाता येत असेल तर नक्की जा. दहशूरला वाकड्या पिरॅमिडच्या कोपऱ्यापाशी उभे राहून खालचे आणि वरचे थर ताडून बघा. गिझाला खुफूच्या उत्तर बाजूला पायथ्याचे आच्छादनाचे दगड शोधा. मग मेंकौरेच्या उत्तर बाजूला जा, तिथे माणसांची गर्दी कमी असते. खालचे थर अस्वानच्या ग्रॅनाइटचे आहेत आणि दगडांची पोटे तशीच फुगीर, अनगड सोडलेली. फक्त दाराभोवतीचा भाग घासून सपाट केलेला. दगड आधी जाडाभरडा बसवायचा आणि शेवटी जागेवरच तासून चेहरा सपाट करायचा, ही त्यांची रीत तिथे अर्ध्यावर थांबलेली दिसते. गाइडला काही विचारायचेच असेल तर हे अनगड दगड दाखवून विचारा.

आत उतरायचे तर दहशूरचा लाल पिरॅमिड घ्या, खुफूच्या आतल्यापेक्षा तिथे निवांत बघता येते. आतली वाट सुमारे साठ मीटर लांब, चांगली उतरती आणि इतकी बुटकी की पूर्ण वाकून उलटे उतरावे लागते. खाली पायरीपायरीने आत येत गेलेल्या छताच्या कोठ्या आहेत, बारा मीटर उंच, भारनियोजनाचा त्या काळातला सर्वांत देखणा नमुना. हवा कोंदट असते. ज्यांना गुडघ्यांचा, दम्याचा किंवा बंद जागेचा त्रास आहे त्यांना बाहेरच थांबू द्या, पाण्याच्या बाटल्या सोबत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरतील हे गृहीत धरून त्या दिवशी फार चालायचे ठरवू नका.